४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येविषयी वाचकांचे प्रश्न

मूळ संख्यांवरील आमच्या लेखात ४,२९,४९,६७,२९७ या संख्येचा उल्लेख एका वाक्यापुरता आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न याच एका संख्येविषयी असल्यामुळे या वेळचे सदर तिलाच दिले आहे. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे आवश्यक आहे. २ चा ३२ वा घात ४,२९,४९,६७,२९६ इतका होतो आणि त्यात १ मिळवला की आपली संख्या तयार होते. येथे ३२ हा घातांकही २ चाच घात आहे. घातांक क्रमाने १, २, ४, ८ आणि १६ घेतले, तर याच रीतीने ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात, आणि त्या पाचही मूळ संख्या आहेत. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० साली आपल्या पत्रव्यवहारात असे मत मांडले, की ही मालिका कितीही पुढे नेली तरी तीत मूळ संख्याच मिळत राहतील. आपल्याजवळ याची पूर्ण सिद्धता नाही, हेही त्याने तेव्हा लिहिले होते. या मालिकेतील संख्यांना पुढे फर्मा संख्या हे नाव पडले. क्रिस्तियान गोल्डबाख या गणितज्ञाने १७२९ च्या डिसेंबरात पत्र लिहून लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाचे लक्ष या विधानाकडे वेधले, आणि १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले, की मालिकेतील पुढच्याच संख्येला, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ला, ६४१ ने निःशेष भाग जातो.

प्रश्न : एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागते, असे आम्ही शाळेत शिकलो. या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. मग ऑयलरला ६४१ हा विभाजक हाताने आकडेमोड करून कसा सापडला? त्यात नशिबाचा भाग किती होता?

उत्तर : आपण दिलेला आकडा बरोबर आहे; पण ६,५४२ भागाकारांची वेळ तेव्हाच येते, जेव्हा संख्या खरोखर मूळ असते आणि शेवटपर्यंत एकही विभाजक हाती लागत नाही. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. म्हणजे कोणतीही युक्ती न वापरता कोणी २, ३, ५, ७ असे क्रमाने भागत गेले असते, तरी ११६ व्या भागाकाराला काम संपले असते. फर्माच्या विधानापासून ऑयलरच्या उत्तरापर्यंत ९२ वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात एखाद्या चिकाटीच्या माणसाला हे सहज करता आले असते, ही गोष्ट आम्हाला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. पहिली पाच उदाहरणे विधानाच्या बाजूने असली, की सहावे उदाहरण तपासण्याची गरज कोणाला फारशी वाटत नाही, हेच त्याचे कारण असावे.

परंतु ऑयलरच्या रीतीचे महत्त्व भागाकारांची संख्या कमी करण्यात आहे. १७३२ च्या निबंधात त्याने केवळ ६४१ हा विभाजक सांगितला. तो कोठे शोधावा याचा नियम त्याने पुढील एका निबंधात सिद्धतेसह मांडला. तो नियम असा, की या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असला पाहिजे. याची सिद्धता अवघड नसल्यामुळे ती येथे पूर्ण देत आहोत.

समजा, क ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. आपली संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. तिला क ने भागल्यावर बाकी शून्य उरते, म्हणून २ च्या ३२ व्या घाताला क ने भागल्यावर उणे १ बाकी उरते (म्हणजे क ची पट पुरी व्हायला १ कमी पडतो), असे म्हणता येते. या घाताचा वर्ग केला की २ चा ६४ वा घात मिळतो आणि त्याची बाकी उणे १ गुणिले उणे १, म्हणजे १ येते. आता २ चे एकामागून एक घात घेऊन प्रत्येकाला क ने भागत गेलो, तर बाकी कधीतरी १ होते आणि तेथून पुढे त्याच बाकींचे आवर्तन पुन्हा सुरू होते. ६४ व्या घाताला बाकी १ आहे, त्यामुळे या आवर्तनाची लांबी ६४ ला भागणारी असली पाहिजे. ३२ व्या घाताला बाकी १ नाही, त्यामुळे ती ३२ ला भागणारी असू शकत नाही. ६४ ला भागणाऱ्या पण ३२ ला न भागणाऱ्या संख्या शोधू गेल्यास ६४ ही एकच संख्या मिळते. म्हणजे आवर्तनाची लांबी नेमकी ६४ आहे. दुसरीकडे, क ही २ खेरीज कोणतीही मूळ संख्या असेल तर २ च्या (क – १) व्या घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरतेच. हा सिद्धान्त फर्माचाच असून तोही त्याने १६४० सालीच एका पत्रात कळवला होता. तेव्हा (क – १) ही ६४ ची पट असलीच पाहिजे. फर्माच्या चुकीच्या अटकळीचा निकाल लावणारे साधन फर्माच्याच बरोबर सिद्धान्तातून मिळाले.

आता ६४ च्या पटीत १ मिळवत जाऊ : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांपैकी ६५, १२९, ३२१, ३८५ आणि ५१३ या संख्या मूळ नाहीत. उरलेल्या १९३, २५७, ४४९ आणि ५७७ यांनी भाग जात नाही, आणि पाचव्या प्रयत्नाला ६४१ सापडतो. ११६ भागाकारांचे काम पाचांवर येते.

एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७८ साली हा नियम आणखी घट्ट केला. क ही ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठी, म्हणजे ८ च्या पटीपेक्षाही १ ने मोठी असते; आणि अशा मूळ संख्येच्या बाबतीत कोणत्या तरी वर्गसंख्येला क ने भागल्यावर बाकी २ उरते, हे वर्गशेषांच्या सिद्धान्तावरून माहीत आहे. तो वर्ग ज्या संख्येचा असेल, तिच्या घातांचे आवर्तन २ च्या आवर्तनाच्या दुप्पट, म्हणजे १२८ चे असते, आणि म्हणून (क – १) ही १२८ ची पट असते. या नियमाने पाहिले तर उमेदवार म्हणून १२९, २५७, ३८५, ५१३ आणि ६४१ एवढ्याच संख्या राहतात. त्यांतील मूळ संख्या दोनच : २५७ आणि ६४१. त्यांपैकी २५७ ही स्वतःच आधीची फर्मा संख्या आहे आणि तिने भाग जाऊ शकत नाही. याचे कारण पुढच्या एका उत्तरात येईल. म्हणजे ज्याला प्रत्यक्ष भागाकार करून पाहावे लागते, असा पहिला उमेदवारच ६४१ आहे.

प्रश्न : दहा अंकी संख्येला भागण्याचा दीर्घ भागाकार टाळून ६४१ ने भाग जातो हे पडताळता येईल का?

उत्तर : येईल, आणि दोन रीतींनी येईल. पहिल्या रीतीत केवळ वर्ग करून बाकी काढत जायचे. २ चा ८ वा घात २५६. त्याचा वर्ग ६५,५३६, म्हणजे २ चा १६ वा घात. ६५,५३६ ला ६४१ ने भागले की भागाकार १०२ आणि बाकी १५४ येते. आता १५४ चा वर्ग २३,७१६. त्यातून ६४१ गुणिले ३६, म्हणजे २३,०७६ वजा केले की ६४० उरतात. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताला ६४१ ने भागल्यावर ६४० बाकी उरते. त्यात १ मिळवला की ६४१ पुरे होतात आणि निःशेष भाग जातो. पाठकोऱ्या कागदावर चार ओळींत हे सारे मावते.

दुसरी रीत याहूनही देखणी आहे. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते : एक, ५ गुणिले १२८ अधिक १; दोन, ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्या रूपावरून ५ गुणिले १२८ या संख्येची, ६४१ ने भागल्यावर, बाकी उणे १ आहे. तिचा चौथा घात घेतला की बाकी १ होते. आणि १२८ हा २ चा ७ वा घात असल्यामुळे हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. दुसऱ्या रूपावरून ६२५ ची बाकी उणे १६ आहे, तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ ठेवता येतात. १६ हा २ चा चौथा घात. तो २८ व्या घाताशी गुणला की ३२ वा घात होतो. म्हणजे उणे चिन्हासह २ च्या ३२ व्या घाताची बाकी १ आहे, आणि म्हणून २ चा ३२ वा घात अधिक १ याची बाकी शून्य आहे. या रीतीत एकही मोठा गुणाकार किंवा भागाकार करावा लागत नाही.

प्रश्न : ६४१ ने भागल्यावर ६७,००,४१७ येतात. ही संख्या तरी मूळ आहे का?

उत्तर : आहे, आणि वरच्याच नियमाने ते थोड्या श्रमात सिद्ध करता येते. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्या दरम्यान आहे, म्हणून तिला विभाजक असलाच तर एक मूळ विभाजक २,५८८ च्या आत सापडला पाहिजे. तो मूळ विभाजक आपल्या मूळच्या दहा अंकी संख्येचाही विभाजक ठरतो, त्यामुळे तो १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असणार. २,५८८ पर्यंत अशा वीसच संख्या आहेत आणि त्यांपैकी मूळ असलेल्या पाच : २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. २५७ आधीच बाद झालेली आहे. उरलेल्या चारांनी ६७,००,४१७ ला भागल्यावर क्रमाने ४४, १२०, ३३४ आणि ६२२ अशा बाकी उरतात. चार भागाकारांत सात अंकी संख्येचे मूळत्व सिद्ध होते. वाचकांनी हे चार भागाकार स्वतः अवश्य करून पाहावेत. सिद्धतेचा प्रत्येक दुवा आपल्या हातून तपासला जाण्याचे समाधान एवढ्या मोठ्या संख्येच्या बाबतीत फार क्वचित मिळते.

ही परिपूर्ण संख्या आहे का, म्हणजे ती स्वतः वगळून उरलेल्या तिच्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच होते का, या आणखी एका वाचकाच्या छोट्या प्रश्नाचेही उत्तर यावरून मिळते. या संख्येचे विभाजक चारच आहेत : १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती संख्या स्वतः. चारांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६ होते. संख्या स्वतः वगळून उरलेल्या तिघांची बेरीज ६७,०१,०५९ इतकीच, म्हणजे संख्येच्या मानाने फारच लहान आहे, त्यामुळे ती परिपूर्ण संख्येच्या जवळपासही येत नाही.

प्रश्न : या संख्येला ३, ५, १७, २५७ किंवा ६५,५३७ यांपैकी कोणत्याही संख्येने भागले तरी बाकी २ च उरते, असे मला आढळले. हा योगायोग आहे का?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि हा योगायोग नाही. आपल्या संख्येतून २ वजा केले की ४,२९,४९,६७,२९५ उरतात, म्हणजे २ चा ३२ वा घात उणे १. दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतील सूत्र लावले की या संख्येचे अवयव २ चा १६ वा घात अधिक १ आणि २ चा १६ वा घात उणे १ असे पडतात. त्यांतील पहिला अवयव ६५,५३७ आहे. दुसऱ्याला तेच सूत्र पुन्हा लावले की २५७ बाहेर पडतात, आणि असे करत गेल्यावर अखेर

४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७

असे मिळते. ज्या संख्येतून २ वजा केल्यावर पाचांनीही निःशेष भाग जातो, त्या संख्येची पाचांनी भागल्यावरची बाकी २ असणारच. २५७ ने भाग जाऊ शकत नाही असे आम्ही वर म्हटले, ते याच कारणाने.

याचा एक दूरगामी परिणाम आहे. कोणतीही फर्मा संख्या घेतली तरी तिच्या आधीच्या सर्व फर्मा संख्यांचा गुणाकार तिच्यापेक्षा २ ने लहान असतो. त्यामुळे दोन फर्मा संख्यांना समान विभाजक असलाच तर त्याने २ ला भागले पाहिजे. पण सर्व फर्मा संख्या विषम आहेत, म्हणून कोणत्याही दोन फर्मा संख्या परस्परांशी सहमूळ असतात. प्रत्येक फर्मा संख्येला निदान एक मूळ विभाजक असतो आणि तो दुसऱ्या कोणत्याही फर्मा संख्येचा नसतो. फर्मा संख्या अनंत आहेत, म्हणून मूळ संख्याही अनंत आहेत. गोल्डबाखने १७३० साली ऑयलरला लिहिलेल्या पत्रात ही सहमूळता मांडली होती. म्हणजे फर्माची अटकळ कोसळली, तरी ज्या मालिकेवर ती उभी होती तिच्यातून मूळ संख्यांच्या अनंतत्वाची एक स्वतंत्र सिद्धता मिळाली.

प्रश्न : संख्या मूळ असेल तर २ च्या (संख्या – १) व्या घाताला तिने भागल्यावर बाकी १ उरते, ही कसोटी मी संगणकावर ४,२९,४९,६७,२९७ ला लावून पाहिली. बाकी १ च आली. मग ही संख्या मूळ कशी नाही?

उत्तर : आपल्या संगणकाने दिलेले उत्तर बरोबर आहे. ही कसोटी एका दिशेनेच खात्री देते : बाकी १ न आल्यास संख्या मूळ नाही हे निश्चित होते, परंतु बाकी १ आल्यास ती मूळ आहे असे सिद्ध होत नाही. आपल्या संख्येच्या बाबतीत बाकी १ का येते, हे हातानेही पाहता येते. २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १, म्हणून ६४ व्या घाताची १. आणि कसोटीतील घातांक २ चा ३२ वा घात आहे, तो ६४ ची पट आहे, तेव्हा बाकी १ येणे अटळ आहे. याच कारणाने मूळ असो वा नसो, प्रत्येक फर्मा संख्या २ च्या कसोटीतून पार होते. या संख्यांसाठी २ ही परीक्षक म्हणून पूर्णपणे निरुपयोगी आहे.

२ च्या ऐवजी ३ घ्या. ३ चा वर्ग करायचा, आपल्या संख्येने भागून बाकी घ्यायची, बाकीचा पुन्हा वर्ग करायचा, असे ३२ वेळा केले की ३ चा आवश्यक तो घात मिळतो. संख्या मूळ असती तर शेवटी १ यायला हवा होता. प्रत्यक्षात ३,०२,९०,२६,१६० ही बाकी येते. पेपँ या फ्रेंच गणितज्ञाने १८७७ साली या कसोटीला फर्मा संख्यांसाठी दोन्ही दिशांनी खात्री देणारे रूप दिले. त्याच्या नियमानुसार ३१ वर्गांनंतर उणे १ बाकी आली तरच संख्या मूळ, एरवी नाही. आपल्या संख्येसाठी तेथे १,०३,२४,३०३ बाकी येते. येथे ६४१ चा कोठेही संबंध आला नाही, याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. एकही विभाजक माहीत नसताना संख्या संयुक्त आहे, म्हणजे मूळ नाही, हे पूर्ण खात्रीने सांगता येते. विभाजक शोधणे हा त्याहून निराळा आणि बहुधा पुष्कळ अवघड प्रश्न आहे.

प्रश्न : संगणकात ४,२९,४९,६७,२९५ हा आकडा वारंवार दिसतो. त्याचा या संख्येशी काही संबंध आहे का?

उत्तर : संबंध थेट आहे. ३२ द्विमान अंकांत, म्हणजे केवळ ० आणि १ यांनी लिहिलेल्या ३२ अंकांत, मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे ३२ एकांची ओळ, आणि तिची किंमत २ चा ३२ वा घात उणे १ इतकी असते. आपली संख्या तिच्यापेक्षा २ ने मोठी आहे. द्विमान पद्धतीत ती १, त्यानंतर ३१ शून्ये आणि शेवटी १ अशी लिहिली जाते आणि तिला ३३ अंक लागतात. चिन्हरहित ३२ अंकी जागेत ती साठवायचा प्रयत्न केल्यास सर्वांत डावीकडचा १ गळून पडतो आणि उरते केवळ १.

प्रश्न : कंपास आणि पट्टी यांनी सुसम बहुभुज काढण्याच्या प्रश्नात या संख्येचे नाव येते, ते कशामुळे?

उत्तर : कार्ल फ्रीड्रिख गाउसने १७९६ च्या मार्चमध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, १७ बाजूंचा सुसम बहुभुज केवळ कंपास आणि पट्टीने काढता येतो हे दाखवले. त्याचा व्यापक नियम असा, की बाजूंच्या संख्येतील विषम भाग हा वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असेल, किंवा १ असेल, तर ती आकृती काढता येते. आणि तसा नसेल तर ती काढता येत नाही, या दुसऱ्या बाजूची सिद्धता पिएर वांत्झेलने १८३७ साली प्रसिद्ध केली. आज माहीत असलेल्या मूळ फर्मा संख्या पाचच आहेत. त्यांतून एक किंवा अधिक निवडून गुणाकार केले की ३१ विषम संख्या मिळतात, आणि त्यांतील सर्वांत मोठी म्हणजे पाचांचा गुणाकार, ४,२९,४९,६७,२९५.

त्यामुळे या परिसरात तीन लागोपाठच्या संख्यांची मोठी विलक्षण स्थिती आहे. ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः काढता येतो. ४,२९,४९,६७,२९६ बाजूंचाही येतो, कारण ती संख्या २ चा घात आहे आणि चौरसापासून सुरुवात करून कोन दुभागत गेले की पुरे. ४,२९,४९,६७,२९७ बाजूंचा मात्र येत नाही, कारण ६४१ आणि ६७,००,४१७ यांपैकी एकही फर्मा संख्या नाही. अर्थात ‘तत्त्वतः’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना लिहून काढायला योहान गुस्टाव हेर्मेस याला दहा वर्षे लागली. १८९४ साली पूर्ण झालेले त्याचे हस्तलिखित ग्योटिंगेन येथे जतन केलेले आहे.

प्रश्न : ही संख्या ६५,५३६ च्या वर्गात १ मिळवून होते, म्हणजे ती दोन वर्गांची बेरीज आहे. दोन वर्गांच्या बेरजेवरून संख्या मूळ आहे की नाही ते कळते, असे वाचले. ते कसे?

उत्तर : या सर्व पत्रांत आम्हाला हा प्रश्न सर्वाधिक आवडला. ४ च्या पटीपेक्षा १ ने मोठी असलेली प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते, आणि एकाच प्रकारे लिहिता येते. उदाहरणार्थ, १३ म्हणजे ९ अधिक ४. दुसरा मार्ग नाही. म्हणून अशा एखाद्या संख्येची दोन वर्गांत दोन वेगवेगळ्या प्रकारे फोड झाली, की ती मूळ नाही हे सिद्ध होते. ऑयलरने या कल्पनेचा मूळ संख्या ओळखण्यासाठी पद्धतशीर उपयोग केला. आपल्या संख्येची दुसरी फोड अशी :

४,२९,४९,६७,२९७ = ६२,२६४ चा वर्ग + २०,४४९ चा वर्ग

पहिला वर्ग ३,८७,६८,०५,६९६ आणि दुसरा ४१,८१,६१,६०१. बेरीज करून पाहता येईल. गंमत अशी, की २०,४४९ हाही १४३ चा वर्ग आहे.

ही दुसरी फोड येते कोठून? ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग, आणि ६७,००,४१७ म्हणजे २,५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. दोन वर्गांच्या बेरजेला तशाच दुसऱ्या बेरजेने गुणले, तर गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो आणि तो दोन प्रकारे लिहिता येतो, हे ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र येथे लागू पडते. २५ गुणिले २,५५६ म्हणजे ६३,९०० आणि ४ गुणिले ४०९ म्हणजे १,६३६. त्यांची बेरीज ६५,५३६ आणि वजाबाकी ६२,२६४. दुसऱ्या बाजूने २५ गुणिले ४०९ म्हणजे १०,२२५ आणि ४ गुणिले २,५५६ म्हणजे १०,२२४. त्यांची वजाबाकी १ आणि बेरीज २०,४४९. दोन्ही फोडींतील चारही संख्या येथे समोर उभ्या राहतात. १०,२२५ आणि १०,२२४ या लागोपाठच्या संख्या निघाल्या, म्हणूनच मोठ्या वर्गात केवळ १ मिळवून ही संख्या तयार झाली आहे.

उलट दिशेनेही जाता येते, आणि ते अधिक उपयोगाचे आहे. समजा, विभाजक माहीत नाहीत, केवळ दोन फोडी माहीत आहेत. सम संख्यांची वजाबाकी ६५,५३६ – ६२,२६४ = ३,२७२; विषम संख्यांची वजाबाकी २०,४४९ – १ = २०,४४८. या दोन वजाबाकींचा मसावि ८ येतो, आणि ८ ने भागल्यावर ४०९ आणि २,५५६ उरतात. त्यांच्या वर्गांची बेरीज ६७,००,४१७. आता बेरजा घ्या : १,२७,८०० आणि २०,४५०, त्यांचा मसावि ५०. दोन मसावि ८ आणि ५०, त्यांची निम्मी ४ आणि २५, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज १६ अधिक ६२५. दोन्ही मूळ विभाजक अशा प्रकारे एकही भागाकार चाचपडत न करता हाती येतात.

प्रश्न : यापुढच्या फर्मा संख्यांची स्थिती काय आहे?

उत्तर : ६५,५३७ नंतर एकही मूळ फर्मा संख्या आजवर सापडलेली नाही. आपल्या संख्येनंतरची फर्मा संख्या, २ चा ६४ वा घात अधिक १, वीस अंकी आहे आणि तिला २,७४,१७७ ने भाग जातो. थॉमस क्लाउसेनने १८५५ मध्ये गाउसला लिहिलेल्या पत्रात हे कळवले होते आणि १८८० साली लँड्री या वृद्ध फ्रेंच गणितज्ञाने स्वतंत्रपणे तेच प्रसिद्ध केले. ल्यूकाच्या नियमाप्रमाणे तेथे विभाजक २५६ च्या पटीपेक्षा १ ने मोठा हवा, आणि २,७४,१७६ म्हणजे २५६ गुणिले १,०७१ आहे. पुढच्या संख्या इतक्या झपाट्याने वाढतात, की १९७० नंतर संगणकांच्या साहाय्याने आणखी काहींचेच संपूर्ण अवयव पाडता आले. ३ ला शून्य क्रमांक देऊन मोजल्यास आपली संख्या पाचवी ठरते, आणि ५ पासून ३२ पर्यंतच्या क्रमांकांच्या सर्व फर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. त्यांतील २० व्या आणि २४ व्या संख्यांचा एकही मूळ विभाजक माहीत नाही; त्या संयुक्त असल्याचे पेपँच्या कसोटीनेच कळले आहे.

३३ व्या क्रमांकाच्या संख्येचा निकाल अजून लागलेला नाही. ती लिहायला सुमारे २५८ कोटी अंक लागतील, त्यामुळे पेपँची कसोटी तिला लावणे आजच्या यंत्रांनाही फार जड जाते. विभाजक शोधणाऱ्यांना ल्यूकाच्या नियमाने एवढे माहीत आहे, की तिचा कोणताही मूळ विभाजक २ च्या ३५ व्या घाताच्या, म्हणजे ३४,३५,९७,३८,३६८ च्या, पटीपेक्षा १ ने मोठा असणार, आणि शोध त्या पटींवरच चालतो.